हिरवा गोळा, दहा कामट्या आणि तीन हजार रुपये

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्या शाळेत शिकवतात; सासर मिशनच्या आवारात वाढलेले. सासूबाईंना लहानपणी पाहिलेला नाताळ एकदा तरी पुन्हा घरात मांडलेला बघायचा आहे. काचेचे बॉल, कागदाची चांदणी, येशूजन्माचा गोठा हवा. हल्ली मिळतात त्या प्लॅस्टिकच्या झालरी नकोत. ताईंनी ३,००० रुपये बाजूला काढलेत. नागपुरात एका विक्रेत्याने त्यांना संत्र्याएवढा हिरव्या काचेचा गोळा दाखवला, ‘ब्रिटिशांच्या काळातला जर्मन माल’ म्हणाला आणि १,८०० सांगितले. तो घ्यावा का, बाकीचे कुठे शोधावे आणि फसू नये म्हणून काय बघावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तो गोळा घेऊ नका. खरा निघाला तरी घेऊ नका. तुमच्या तीन हजारांतले अठराशे एका गोळ्यात गेले तर सासूबाईंना नाताळ दिसणार नाही, नुसता गोळाच दिसेल. आणि तो खरा निघेल असेही मला वाटत नाही. न बघता पैज लावायची तर मी फिरोजाबादवर लावीन.

आधी माझ्याविषयी थोडे, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. माझा धंदा मंडप-लाइटिंगचा, दुकान परतवाड्याला. लग्नाची रोषणाई, गणपती, दुर्गा, आणि डिसेंबरात अचलपूरपासून धारणीपर्यंतच्या चर्चेसची सजावट. आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. त्यामुळे नाताळचे जुने सामान मी आधी घरच्या पत्र्याच्या पेटीत पाहिले, मग कबाड्याकडे. अठ्ठावीस वर्षे ते शोधतोय, काही भाड्याने देतो, थोडे विकतो, आणि बरेचसे जीव अडकल्यामुळे तसेच ठेवून दिले आहे. बायको म्हणते, घरात माणसांपेक्षा मेंढपाळ जास्त झालेत.

आता तो हिरवा गोळा. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरात लाउशा नावाचे गाव आहे. तिथे १५९७ पासून काच फुंकतात. झाडाला टांगायचे काचेचे गोळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथून निघाले आणि जगभर गेले. जुन्यांतल्या जाड, वजनदार गोळ्यांना ‘कुगल’ म्हणतात. जर्मन भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘गोळा’. अमेरिकेतले हौशी लोक खऱ्या कुगलसाठी बरेच पैसे मोजतात. आणि जिथे पैसे तिथे नक्कल. ती नक्कल कुठे होते? आपल्याच देशात. ज्या फिरोजाबादच्या बांगड्या आपल्या बाया घालतात, तिथल्याच भट्ट्यांतून नाताळचे काचसामान परदेशी जाते. त्यात जुन्या कुगलसारखे दिसणारे गोळेही असतात. म्हणजे उत्तर प्रदेशातला गोळा नागपुरात ‘जर्मन’ होऊन बसलेला असू शकतो.

ओळखायचे कसे? टोपण काढून मान बघा. जुन्या कुगलची मान गोळ्याच्या पाठीशी सपाट कापलेली असते, त्यावर पितळेचे नक्षीदार टोपण चपखल बसते. टोपणाखालून काचेची नळीसारखी मान वर आलेली दिसली, तर मी पुढचे बघतच नाही. मान सपाट आहे म्हणून लगेच खूशही होऊ नका. आतली चकाकी बघा. शंभर वर्षांची चकाकी वेडीवाकडी मरते: कुठे ठिपका, कुठे करडा डाग, कुठे शाबूत. मुद्दाम म्हातारा केलेला गोळा सगळीकडून सारखाच म्हातारा दिसतो. विक्रेता टोपण काढू देत नसेल, तर उत्तर मिळाले समजा.

पातळ काचेचे साधे बॉल तुम्हाला मिळू शकतात, आणि ते ओळखणे सोपे आहे, कारण त्यांच्या टोपणावर बहुधा लिहिलेले असते. इंग्रजी ठसा असतो, बारीक. चाळिशीचा चष्मा लावा किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा करा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० यांच्या मधला, कारण तो देशच तेवढा काळ होता. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९२ च्या आतला. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ मिळाले तर जपून ठेवा. युद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता तेव्हाच्या निर्यातीवर हा शिक्का असे, १९५२ पर्यंत. नुसते ‘जर्मनी’ असेल तर युद्धाआधीचा किंवा १९९० नंतरचा, दोन्ही शक्य. तिथे बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. अमेरिकन मिशनऱ्यांच्या पेट्यांत ‘शायनी ब्राइट’ लिहिलेले बॉल असतात. माक्स एकार्ट नावाच्या व्यापाऱ्याने १९३७ मध्ये हा छाप काढला. त्यांची काच, विजेचे बल्ब बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीच्या यंत्रावर फुगवली जायची. युद्धात धातू मिळेना तेव्हा त्यांनी टोपण पुठ्ठ्याचे केले आणि आतला चांदीचा मुलामा गाळला. म्हणून नितळ काचेवर रंगीत पट्टे आणि वर पुठ्ठ्याचे टोपण असा बॉल दिसला की लोक त्याला ‘हलका माल’ म्हणून टाकून देतात, आणि मी उचलतो.

हे सामान विदर्भात आले कसे, हे माहीत असले की कुठे शोधायचे ते आपोआप कळते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, स्कॉटलंडच्या मिशनचे. त्याआधी १८२१ मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी बसली होती. पुढे अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळकडे अमेरिकन मिशने आली, दवाखाने आणि शाळा निघाल्या. तुमच्या यवतमाळातच १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. या सगळ्या लोकांना घरून पार्सले यायची. गेले तेव्हा बंगल्यातले सामान आया, माळी, कंपाउंडर, घरोघर बायबल सांगणारी बायबलबाई यांना देऊन गेले. म्हणून आपल्याकडे हे सामान दुकानात कमी आणि मिशनच्या चाळींत जास्त आहे: पलंगाखाली, पेटीत, जुन्या साडीत गुंडाळलेले.

पार्सलांत आणखी एक वस्तू यायची, तिच्याकडे कुणी बघतच नाही. वापरलेली ग्रीटिंग कार्डे. तिकडचे लोक आलेली कार्डे जमवून मिशनला पाठवायचे, आणि रविवारच्या शाळेत वचन पाठ केले की बक्षीस म्हणून ती मुलांना मिळायची. मागे कुणा अनोळखी मेरीने कुणा जॉनला लिहिलेल्या दोन ओळी, पुढे बर्फातले चर्च. तुमच्या सासूबाईंच्या बायबलमध्ये खूण म्हणून एखादे नक्की असेल. अशी कार्डे दोऱ्यावर ओळीने टांगायची, पूर्वी घराघरात तसेच असायचे. त्याला खर्च शून्य. फक्त चिकटपट्टी लावू नका, लाकडी चिमटे वापरा.

आता खरेदी. मला विचाराल तर जुनी सजावट शोधायचा महिना डिसेंबर नाही. डिसेंबरात सगळ्यांना हवी असते. माझे वर्ष पोळ्यापासून सुरू होते.

तान्हा पोळा आपला, विदर्भातला. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मुले लाकडी बैल ओढत नेतात. मुले मोठी झाली की बैल माळ्यावर जातो, आणि माळा आवरताना कबाड्याकडे. सागवानाचा, चाके गेलेला, रंग उडालेला बैल मी ३०० ला घेतो, कधी त्याहून कमीला. गोठ्यात गव्हाणीपाशी बैल लागतोच, आणि प्लास्टरच्या परदेशी साच्यातल्या बैलापेक्षा हा खांद्याने भरलेला आपला बैल बाळ येशूजवळ जास्त शोभतो. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी एकदा मला टोकले होते, ‘पोळ्याचा बैल गोठ्यात?’ मी म्हटले, बेथलेहेमचा बैल काय ख्रिस्ती होता का? ते हसले, पण बैल राहिला.

घुंगरमाळा पण तशाच. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या विकल्या गेल्या आणि पितळी घुंगरांच्या माळा खुंटीला राहिल्या. पोळ्यानंतर आणि पुन्हा दिवाळीच्या आवराआवरीत त्या भंगारात येतात. नाताळच्या कार्डावर घोड्यांच्या गळ्यात गोल घुंगरे दिसतात ना, त्यांत आणि आपल्या बैलाच्या घुंगरांत नावालाही फरक नाही. पितळ वजनावर जाते, म्हणून भाव आधी वजनावर काढा आणि मग वर थोडे द्या. चामड्याचा पट्टा कुजलेला असला तर बरेच, त्यामुळे भाव खाली येतो. घुंगरे काढून सुतळीत ओवता येतात. कानाशी हलवून बघा. आतला खडा अडकलेला असेल तर ठक्‌ वाजते, फुटलेले असेल तर भसाडे. चिंचेने घासून लखलखीत करायच्या भानगडीत पडू नका. काळपट पितळ पिवळ्या दिव्यात जास्त छान दिसते.

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस कबाड्याकडे रोज चक्कर मारा. नंतरचे आठ दिवस बाजारात, कारण उरलेले आकाशकंदील आणि झिरमिळ्या निम्म्या भावात निघतात, आणि चांदणीला लागणारा पतंगी कागदही तेव्हाच घ्यायचा.

कबाड्याची एक गोष्ट सांगतो, त्यात भाव करण्याचे सगळे आले. दिवाळीच्या चार दिवस आधीची संध्याकाळ. आमच्या ओळखीच्या कबाड्याच्या काट्यापाशी बिस्किटाचा मोठा चौकोनी पत्र्याचा डबा पडलेला. झाकण उघडले तर आत पिवळे पडलेले वर्तमानपत्र आणि त्यात बारा गोळे. दोन फुटलेले.

मी विचारले, ‘हे कायचं हाये गा?’

‘काचीचे गोये हायेत भाऊ. डबा चांगला वाटला म्हून घेतला. डबा पन्नास, गोये तसेच न्या.’

एकाच्या टोपणावर ‘वेस्ट जर्मनी’. बाकीच्यांवर काही नाही, पण घडण तीच: अंगावर हाताने काढलेली पांढरी नक्षी, एकीची रेघ दुसरीशी न जुळणारी. मी डबा खाली ठेवला, दुसरीकडच्या दोन पितळी समया उचलून बघितल्या, परत आलो, आणि त्याला दीडशे रुपये दिले.

तो म्हणाला, ‘शंभर जास्त कायले?’

‘पुन्हा असे गोळे आले तर फोडू नको, मला फोन कर.’

त्या शंभरात मला पुढची दहा वर्षे मिळाली. काचेला भंगारात भाव नाही, म्हणून कबाडी बॉल फेकतो आणि डबा ठेवतो. त्याला एकदा कळले की हे गोळे कुणाला तरी हवेत, की तो ते वेगळे ठेवतो. पन्नासाचे चाळीस करून घेणारा माणूस मला हुशार वाटत नाही. हां, त्याला ‘अँटिक’ हा शब्द मात्र सांगू नका. हल्ली त्याच्याही हातात मोबाइल आहे, आणि अमेरिकेतला भाव बघून त्याने तुम्हाला हजार सांगितले तर तो त्याच्या बाजूने बरोबरच असेल.

विक्रेत्याशी भाव करताना माझी पद्धत साधी आहे. हवी ती वस्तू एकटी उचलत नाही, चार वस्तूंचा ढीग करून एकच भाव विचारतो. सुटे पैसे बरोबर ठेवतो. सकाळी गेलो तर बोहनीच्या वेळी फार ताणत नाही, संध्याकाळी बाजार उठताना गेलो तर ताणतो. आणि वस्तूत खोट काढत बसत नाही. ‘हे तर फुटलंय, हे तर गंजलंय’ असे म्हणत भाव पाडणारा गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही. ‘माझ्याकडे एवढेच आहेत’ म्हटले की गावातला माणूस निम्म्या वेळा ऐकतो.

पण हे दुकानदाराशी. मिशनच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बाईशी भाव करू नका. तिने पेटी उघडली, चहा दिला, कुणी काय दिले ते सांगितले, तर ती म्हणेल ते द्या, किंवा काही घेऊच नका. मी एकदा एका मावशींकडून देवदूताची जोडी ऐंशी रुपयांत आणली आणि तीन दिवस झोप लागली नाही. चौथ्या दिवशी एक देवदूत परत नेऊन दिला. तिने विचारले, ‘एकटा काय करील रे हा?’ तेही खरे होते. आता जोडी असेल तर मी विकत घेत नाही, नाताळापुरती मागून आणतो. पुष्कळ घरे आनंदाने देतात. तुम्हालाही हाच रस्ता सगळ्यात स्वस्त पडेल. चर्चच्या कापणीच्या सणाच्या लिलावात कधी अशा वस्तू येतात. तिथे मात्र भाव पाडू नका, तो पैसा चर्चचा असतो.

आता चांदणी. तुमच्या यादीत हीच सगळ्यात महत्त्वाची. बाकी काही जमले नाही तरी ही करा. आपल्याकडची जुनी चांदणी बांबूची. दहा लांब कामट्या, पाच छोट्या कांड्या. पाच कामट्यांची एक सपाट चांदणी बांधायची, तशीच दुसरी, दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके घट्ट बांधायची, आणि मग आतल्या पाच कोपऱ्यांत चार बोटे लांबीच्या कांड्या आडव्या ठोकायच्या. सांगाडा पोट फुगवून उभा राहतो. त्यावर पतंगी कागद.

जुना सांगाडा चर्चच्या मागच्या खोलीत, शाळेच्या माळ्यावर, नाहीतर एखाद्या घराच्या आढ्याला असतो. कागद कधीच गेलेला, म्हणून त्याला कुणी काही समजत नाही. ओळख दोन गोष्टींत. टोके तारेने बांधलेली असतील तर अलीकडची. अंबाडीच्या दोरीने बांधलेली असतील तर जुनी. आणि आतल्या कामट्यांवर बोट फिरवून बघा. रॉकेलची चिमणी आत ठेवत असत, त्या काळची काजळी अजून बोटाला लागते. मागच्या वर्षी चांदूर बाजाराकडच्या एका घरी आढ्यावरून असा सांगाडा काढला, तर एका टोकावर कागदाचा नखाएवढा तुकडा राहिला होता, लाल, खळीखाली अजून रंग धरून. घरातल्या आजीने तो बोटाने चाचपला आणि म्हणाली, ‘लालच असे बाप्पा. माहे बाबा दुसरा रंग लावूच देत नोते.’ मग आम्ही लालच लावला.

तुमच्या भागात सांगाडा २०० पर्यंत मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर बुरडाकडून नवा करून घ्या, आणि त्याला जुना म्हणू नका. कागद चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर आणि झुरळे लागत नाहीत. मोरचूद विषारी असते, खळीचे भांडे पोरांपासून आणि मांजरापासून दूर ठेवा. आत पाच वॅटचा एलईडी. पिवळा घ्या, पांढऱ्या दिव्यात पतंगी कागद दवाखान्यासारखा दिसतो.

विजेवर आलोच आहोत तर माझी फजिती सांगून टाकतो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका निवृत्त डॉक्टरांच्या घरून मला अमेरिकन रंगीत बल्बांची माळ मिळाली. कापडी वेष्टनाची तार, जाडजूड बल्ब, काय ते रंग! नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये लावली. मी लाइटिंगवाला, आणि मला एवढे सुचू नये? अमेरिकेतली वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३०. गीत सुरू होते, मी बटण दाबले, आठच्या आठ बल्ब डोळे दिपतील एवढे पेटले, आणि एकदम काळोख. फ्यूज पण घेऊन गेले. गाणाऱ्यांनी अंधारात दुसरे कडवे पूर्ण केले. ते लोक आजही मला बघितले की ते कडवे गुणगुणतात.

तर अशी माळ मिळाली तर पेटवायला घेऊ नका. कमी दाबाचा ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येते, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची तार बोटाने वाकवली तर वेष्टनाचा भुगा पडतो. बल्ब काढून नुसते टांगा, एलईडीच्या उजेडात ते चमकतात. मेणबत्तीसारख्या काचेच्या नळीत रंगीत पाणी असलेले दिवे दिसले, तर ते अमेरिकेत १९४६ पासून निघालेले ‘बबल लाइट’. आतले ते पाणी नसते, विषारी रसायन असते. फुटले तर हात लावू नका, खिडक्या उघडा.

जुनी चंदेरी झालरही तपासून घ्या. धाग्यासारखे पातळ चंदेरी तुकडे झाडावर सोडतात ते. हल्लीचे प्लॅस्टिकचे, फुंकर मारली की उडतात. जुने जड, वाकवले तर वाकलेलेच राहतात, बोटाला करडे लागते: ते शिसे. अमेरिकेत १९७२ पासून ते बंद झाले. घरात लहान मूल असेल तर असले काही आणू नका, फुकट मिळाले तरी. जुन्या डब्यातला ‘नकली बर्फ’ तर उघडूच नका, काही वेळा तो ॲस्बेस्टॉसचा असे. आपल्याला बर्फाची काय कमी? डिसेंबरात विदर्भात घराघरात कापूस आहे. सरकी काढून विरळ पसरा, फक्त दिव्यापासून हातभर लांब. कापूस पेट घेतो तेव्हा विचार करायला वेळ देत नाही. पातळ, पोकळ, पिवळसर हरीण किंवा बदक मिळाले आणि अंगठ्याने घासल्यावर कापराचा वास आला, तर ते सेल्युलॉइड. तेही तसेच भडकते. कपाटात ठेवा, मेणबत्तीजवळ नको.

आणि धुणे. मी हे शिकायला एक अख्खा डबा घालवलाय. हाताने रंगवलेले बॉल, धुळीने माखलेले, म्हणून कोमट साबणाच्या पाण्यात सोडले. अर्ध्या मिनिटात पाणी गुलाबी, आणि हातात फुलाऐवजी नुसता आरसा. जुना रंग काचेत भाजलेला नसतो, वरून लावलेला असतो, पाणी त्याला घेऊन जाते. धूळ झटकायला मऊ कोरडा ब्रश, नाहीतर दाढीचा जुना ब्रश. ओले काहीही नको, थुंकी लावून पुसणे तर अजिबात नको. टोपण सैल असेल तर आतली तार किंचित पसरवून बसवा. टोपण धरून बॉल उचलायची सवय मोडा, तळहातावर घ्या.

गोठ्याच्या मूर्ती प्लास्टरच्या किंवा मातीच्या, आणि शंभरात नव्वद वेळा कुणाचा तरी हात तुटलेला. तुटलेल्या संचाला भाव नसतो, म्हणून तोच घ्या. नागपूरला चितारओळीतले मूर्तिकार दुर्गा संपल्यावर थोडे मोकळे असतात. एखाद्या मेंढपाळाचा हात बसवायला फार घेत नाहीत. फक्त सांगून ठेवा, की सगळा रंग नव्याने देऊ नका, तुटले तेवढेच. नाहीतर मागी लोक, म्हणजे बाळ येशूला बघायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, गणपतीच्या मखरातल्या राजांसारखे चकचकीत होऊन येतात. माझा एक तसा आहे, शेंदरी फेट्याचा. पोरांना तोच आवडतो.

मुंबईच्या चोर बाजाराचे नाव तुम्ही ऐकले असेल, मटन स्ट्रीटचे. जायचे तर हौसेला जा. तिथल्या दुकानदाराला मालाची किंमत तुमच्यापेक्षा जास्त कळते, आणि गाडीभाडे धरले तर स्वस्त काहीच राहत नाही. ऑनलाइनचेही तेच; काचेच्या वस्तू कुरिअरने मागवल्या तर आलेला खोका हलवून वाजतो का ते आधी बघावे लागते. कामठीला मात्र एखाद्या रविवारी उपासनेनंतर जा. छावणीच्या काळापासूनची ख्रिस्ती घरे आहेत. ओळखीने जा, एकट्या दार ठोकू नका.

तुमचे तीन हजार मी असे लावीन. चांदणी सांगाड्यासकट कागद-खळ धरून ३५०. घुंगरमाळ ७००, त्याच्या वर जाऊ नका. लाकडी बैल ३००. गोठ्याच्या मोडक्या मूर्ती आणि दुरुस्ती ५००. काचेचे बॉल ४००, त्यात सहा मिळाले तरी पुरे. सहा बॉल सुरूच्या फांदीवर जेवढे दिसतात तेवढे साठ बॉल प्लॅस्टिकच्या झाडावर दिसत नाहीत. येण्या-जाण्याला २५०. उरलेले ५०० यंदा खर्च करू नका.

ते पाचशे घेऊन नाताळ झाल्यावर बाहेर पडा. २६ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लोक सजावट उतरवतात, आणि जुने ‘आता कुठे ठेवायचे’ म्हणून टाकतात. चर्चच्या मागे, कचऱ्याच्या ढिगाशेजारी मला एकदा पूर्ण लाकडी गोठा मिळाला आहे, फक्त छपराचे तणस गेलेले. जाताना दोन जुनी वर्तमानपत्रे, अंड्यांचे चार ट्रे आणि सुतळी न्या. बॉल ट्रेमध्ये चालतात, पिशवीत फुटतात. घरी आल्यावर ते ट्रे संत्र्याच्या लाकडी पेटीत तणस घालून ठेवा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. पत्र्याच्या पेटीत आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे आत एवढे तापते की मेणाचा देवदूत पाय सोडून बसतो. खालच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर पेटी, म्हणजे उधळीही लागत नाही.

आणि त्या नागपूरच्या दुकानात परत गेलात, तर सहज म्हणून त्या हिरव्या गोळ्याचे टोपण काढायला सांगा. मान कशी आहे ते मला कळवा.